हात लागला की बरी

नवले पुलाकडून साताऱ्याच्या दिशेनं निघालं की रस्ता चढायला लागतो. नऱ्हे मागं पडतं, दरी पूल येतो आणि नव्या कात्रज बोगद्याचं तोंड दिसेपर्यंत गाडीला उसंत नसते. उताराच्या बाजूला होणारे अपघात सगळ्या पुण्याला माहीत आहेत. चढाच्या बाजूची धास्ती फक्त जुन्या गाडीवाल्यांना. २०२३ च्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावरच्या रविवारी, याच चढावर माझ्या गाडीनं पहिला आचका दिला.

भजनात पखवाजाची एखादी थाप गळावी आणि टाळ मात्र चालूच राहावेत, तसं झालं. गाडी बंद पडली नाही. पाय ॲक्सिलरेटरवर तसाच, रेडिओवरचं गाणं तसंच, फक्त सीटनं पाठीला हलकेच ढकललं. मग पुन्हा एकदा. मग सलग चार-पाच वेळा. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. बोगदा संपून शिंदेवाडीचा उतार लागला तसे आचके थांबले आणि दिवा लुकलुकायचा थांबून एकटक पेटून राहिला.

गाडी घेऊन महिना झाला होता. २०१४ चं मॉडेल, पेट्रोल, चार सिलिंडर, १२०० सीसी, ६८ हजार किलोमीटर. एका निवृत्त गृहस्थांची. त्यांनी सगळी बिलं तारखेनुसार लावलेली फाईल हातात दिली, सीटवरचं कव्हर झटकलं आणि म्हणाले, ‘काहीच त्रास नाही हो हिला.’ फाईलवर माझा जीव जडला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तारखेनुसार लावलेले कागद दिसले की माणसावर विश्वास बसतो, हा आमचा धंद्याचा दोष. गाडी घेण्याचं कारण एकच. वाईजवळच्या गावी बाबा एकटे असतात, आणि दर पंधरा दिवसांनी एसटीनं जाऊन त्याच दिवशी परत येणं मला झेपेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली. तिथल्या तरुण पोरानं दोन मिनिटं ऐकलं, चक्कर मारून आणली आणि सांगितलं, ‘मॅडम, मिसिंग मारतीय.’ इंग्रजीत मिसफायर, आपल्या गॅरेजात मिसिंग. मला आपलाच शब्द जास्त नेमका वाटतो. चौघांतला एक गैरहजर.

गैरहजेरी किती लहान असते ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिनाच्या दांड्याच्या (क्रँकशाफ्टच्या) दोन फेऱ्यांमागं एकदा ठिणगी पडते. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ७५० फेऱ्या घेतं, म्हणजे चारही सिलिंडर मिळून सेकंदाला २५ ठिणग्या. चढावर ३००० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला १००. तेही ठरलेल्या क्रमानं: एक, तीन, चार, दोन, एक, तीन, चार, दोन. या शंभरांतली एखादी चुकली तर माणसाला पत्ताही लागत नाही. आपल्या पाठीला कळतं तोवर एकाच सिलिंडरनं सलग बरेच खाडे केलेले असतात. गाडीतल्या कॉम्प्युटरला मात्र लवकर कळतं. इंजिनाच्या दांड्याला एक दातेरी चक्र असतं आणि त्याचे दात मोजणारा एक सेन्सर. ठिणगी पडली, पेट्रोल पेटलं की चक्र कणभर वेग घेतं. ज्या पाळीला ते वेग घेत नाही त्या पाळीच्या सिलिंडरच्या नावावर गैरहजेरी लागते.

पोरानं स्कॅनर लावला. कोड आला पी०३०३. शेवटचा तीन म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर. ‘कॉइल गेली,’ तो म्हणाला, आणि हे म्हणायला त्याला खरोखर स्कॅनरवरून नजर उचलावी लागली नाही. या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसवलेली असते. बॅटरीचे १२ व्होल्ट घेऊन ती हजारो व्होल्ट करते आणि प्लगच्या मिलिमीटरभर फटीतून ठिणगी उडवते. त्या कॉइल बिघडतातही सर्रास. नवी कॉइल २४०० रुपये, स्कॅनिंग ५००. गाडी रेशमासारखी पळायला लागली. मी त्या पोराला मनातल्या मनात शाबासकी दिली आणि लुकलुकण्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, दिवा नुसता पेटला तर सावकाश या. लुकलुकायला लागला तर पाय काढा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा असतो, त्यामुळे नव्याची किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. सल्ला सोन्यासारखा होता. निदान चुकीचं होतं, पण ते कळायला अजून साडेतीन महिने लागायचे होते.

९ जुलै, रविवार. खंबाटकी घाट. जाताना घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचं, ही तिथली तेव्हाची रीत. दुसऱ्या गिअरमध्ये, पुढं उसाच्या मोळ्या भरलेला नव्हे तर रिकामाच ट्रॅक्टर, आणि माझी गाडी पुन्हा तशीच. कोड पुन्हा तीन नंबरचा. गावात पोचले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. मी काही बोलायच्या आत ते उठून गाडीच्या मागं गेले.

बाबांचं वय ७९. आमच्या विहिरीवर पाच एचपीचं किर्लोस्कर ऑइल इंजिन होतं, तेव्हापासून बाबांचा आणि यंत्रांचा परिचय वासाचा आणि आवाजाचा. हँडल मारून ते सुरू व्हायचं, पाईपच्या तोंडावरची पत्र्याची टोपी टपटप उडायची, आणि त्या टपटपीत खंड पडला की बाबा हातातला घास ठेवून विहिरीकडं निघायचे. डिझेलच्या लाईनला हवा धरली असली की पंपावरचा नट सैल करून ‘एअर’ काढायची, फेस जाऊन नुसतं डिझेल वाहायला लागलं की नट आवळायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतलं ऐकायचे. डॉक्टरचा स्टेथोस्कोप मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हा बाबांच्या स्क्रू ड्रायव्हरचा शहरी भाऊ.

ते सायलेन्सरपाशी वाकले, हातानं वारा नाकाकडं घेतला आणि म्हणाले, ‘कच्च्या पेट्रोलचा वास हाय. तेल येतंया, आग लागंना.’

‘कॉइल नवीन आहे बाबा.’

‘असंल. आग लागंना एवढंच मी म्हणतो.’

हे वाक्य मी तिथंच सोडून दिलं. इथं माझा दोष आहे आणि तो पदरात घेते. ७९ वर्षांच्या माणसाच्या नाकापेक्षा ५०० रुपये घेऊन छापील आकडा देणारं यंत्र मला जास्त खरं वाटलं.

मंगळवारी चारही प्लग बदलले. जुने प्लग मी मागून घेतले. तीन बिस्किटाच्या रंगाचे, म्हणजे जळण उत्तम. तिसरा काळपट आणि ओलसर. पोर म्हणाला, ‘बघा, हाच खराब होता.’ मी मान हलवली. प्लग खराब म्हणून जळत नव्हतं की जळत नव्हतं म्हणून प्लग तसा झाला होता, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. रोज लोकांचं रक्त तपासणारी मी, आणि हा प्रश्न पडला नाही. गाडी पुन्हा रेशमासारखी. वीस दिवस.

ऑगस्टमध्ये गॅरेज बदललं. दुसरे गृहस्थ अनुभवी, बोलघेवडे, आणि सगळ्याचं खापर पेट्रोलवर फोडणारे. त्या वर्षी सगळीकडं हीच चर्चा होती. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशानं २०२२ मध्ये गाठलं होतं आणि २० टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर आलं होतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं हे खरं आहे. पण पेट्रोल बिघडलं असेल तर ते चारही सिलिंडरना सारखंच बिघडलेलं मिळणार. बाकीचे तिघं निमूट कसे पितात? हे मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं नव्यानं पाहिलं आणि मोठा स्कॅनर काढला.

मोठ्या स्कॅनरनं जे दाखवलं ते फार मजेशीर होतं, फक्त त्या वेळी आम्हा दोघांनाही ते कळलं नाही. धुराच्या वाटेवर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून उरलेल्या वायूत ऑक्सिजन जास्त आढळला तर कॉम्प्युटर समजतो, पेट्रोल कमी पडतंय, आणि ते वाढवतो. आमच्या स्क्रीनवर तो पेट्रोल वाढवत चाललेला दिसत होता. निष्कर्ष सरळ: पेट्रोल कमी पोचतंय, म्हणजे पेट्रोलचा फवारा मारणारे इंजेक्टर चोक झालेत. चारही इंजेक्टर काढून साफ केले, हवा आत सोडणारी थ्रॉटल बॉडीही धुतली. २६०० रुपये. गाडी रेशमासारखी. एकोणीस दिवस.

आता त्याचा उलगडा. ठिणगी पडली नाही तर सिलिंडरमधलं पेट्रोल जळत नाही, पण त्याबरोबर आलेली हवाही जळत नाही. ती सगळी हवा ऑक्सिजनसकट सेन्सरपाशी जाते. सेन्सरला न जळलेलं पेट्रोल दिसतच नाही, त्याला दिसतो फक्त ऑक्सिजन. म्हणून तो बिचारा प्रामाणिकपणे ‘पेट्रोल कमी आहे’ असं कळवतो आणि कॉम्प्युटर, जिथं पेट्रोल आधीच वाया चाललंय तिथं, आणखी ओततो. आमच्या लॅबमध्ये याचं सख्खं भावंड आहे. रक्त काढताना सिरिंज जोरात ओढली की पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि मशीन पोटॅशियम वाढल्याचा आकडा छापतं. आकडा खरा असतो. नळीत पोटॅशियम खरंच वाढलेलं असतं. फक्त माणसात नसतं. असा लालसर नमुना दिसला की आम्ही रिपोर्ट थांबवून पुन्हा रक्त मागवतो; नव्या मुलींना मी पहिल्या आठवड्यात हे शिकवते. आणि गाडीच्या बाबतीत मी २६०० रुपये मोजून ‘धन्यवाद’ म्हणून आले होते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चौथ्यांदा आचके सुरू झाले तेव्हा मी चिडले, आणि चिडल्यावर मला जे एकच काम येतं ते केलं. वही घातली. मागचं आठवेल तेवढं लिहिलं, पुढचं रोज लिहायला लागले. तारीख, किलोमीटर, पाऊस, गाडी थंड की गरम, चढ की सपाटी, गिअर, एसी. ७०० रुपयांचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर मागवला, जो स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचला की मोबाईलवर कोड दाखवतो. २०१३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांना ही सोय सक्तीची झाली आहे, म्हणजे माझी गाडी तेवढ्यापुरती नशीबवान.

मग एका संध्याकाळी पार्किंगमध्ये, वरच्या मजल्यावरच्या दोन काकू गॅलरीतून बघत असताना, मी बॉनेट उघडलं. प्रत्येक कॉइल एकाच बोल्टनं धरलेली असते. दहा नंबरच्या गोटी पान्यानं तो सुटतो. वरचा वायरीचा कपलर दाबून ओढायचा, कॉइल हलकेच फिरवत वर काढायची. दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर. हिशोब सरळ आहे. दोष कॉइलमध्ये असेल तर तो कॉइलबरोबर घर बदलेल आणि पुढचा कोड येईल पी०३०२. पंधरा मिनिटांचं, बिनपैशांचं काम. ते जूनमध्येच कुणी केलं असतं तर? कुणी केलं नाही, कारण बदलाबदलीचं बिल करता येत नाही आणि नव्या कॉइलचं करता येतं. हे मी रागानं लिहीत नाही. गिऱ्हाईकालाही नवी वस्तू घातल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

१८ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, मागच्या सीटवर मूर्तीचं मखर आणि डब्यात मोदकांचं सारण घेऊन खंबाटकी चढले. तिसऱ्या वळणावर पखवाजाची थाप गळाली. वर पोचल्यावर बाजूला घेऊन मोबाईल बघितला. पी०३०३.

कॉइल निर्दोष. प्लग निर्दोष, मध्यंतरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबही मोजून झालं होतं, चारही सिलिंडर १७० पीएसआयच्या आसपास, म्हणजे आतलं इंजिनही धडधाकट. तिथं उभं राहून मला हसू आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी नक्की कळलं होतं, आणि ते म्हणजे मी पैसे कशाकशावर उगाच घातले.

अनंत चतुर्दशी झाल्यावर नाना पेठेत गेले. स्पेअरच्या दुकानांच्या त्या रांगेत मी जूनमधली कॉइल डुप्लिकेट आहे का ते विचारायला शिरले होते. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी तसा संशय घातला होता. काउंटरवरच्या माणसानं कॉइल उलटी करून बघितली, परत दिली. ‘ओरिजिनल आहे. वायरिंग बघितलं का कुणी?’

नव्हतं बघितलं.

त्यानं सातारा रस्त्यावरच्या एका वायरमनचा पत्ता दिला. टायरवाल्याच्या शेडला लागून पत्र्याचं दुकान, वर रंग उडालेला बोर्ड: डायनॅमो, सेल्फ, वायरिंग. आत साठीचे एक गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणत. मी वही काढली आणि वाचायला लागले. पाऊस, तापमान, एसी. त्यांनी एका सेल्फचं आर्मेचर पुसता पुसता ऐकलं. काही विचारलं नाही. मी ‘प्रत्येक दुरुस्तीनंतर पंधरा-वीस दिवस अगदी छान चालली’ असं म्हटलं तेव्हा फडकं खाली ठेवलं.

‘परत वाचा ते.’

वाचलं. कॉइल बदलली, बरी. प्लग बदलले, बरी. इंजेक्टर धुतले, बरी. मी स्वतः कॉइलची अदलाबदल केली, तेव्हाही बारा दिवस बरी.

‘अदलाबदल केल्यावर का बरी झाली ताई? तेव्हा तर काहीच नवीन नाही घातलं.’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ती नोंद माझ्याच अक्षरात होती आणि मी ती चार वेळा वाचली होती.

‘पार्टनं नाही बरी होत ही,’ मामा म्हणाले. ‘हात लागला की होते. प्रत्येकानं काम करताना वायरिंग बाजूला केलं असणार.’

त्यांनी स्कॅनर काढला नाही. पुढच्या दोन्ही चाकांपुढं आणि मागं विटा लावल्या, हँडब्रेक ओढायला सांगितला आणि बॉनेट उघडून स्वतः मडगार्डच्या बाजूला उभे राहिले. ‘पहिला टाका. अर्धा क्लच सोडा. थोडी रेस द्या. गाडी हलू देऊ नका.’ मी तसं केलं. गाडी जागच्या जागी दबली, इंजिन रबरी माउंटिंगवर एका अंगाला कललं, आणि आचका. खंबाटकीच्या तिसऱ्या वळणावरचा, दरी पुलावरचा, हुबेहूब तोच आचका, टायरवाल्याच्या शेडशेजारी.

‘आता रिव्हर्स.’

रिव्हर्स टाकला, अर्धा क्लच, तेवढीच रेस. इंजिन उलट्या अंगाला कललं. काही नाही. रेशीम.

पुन्हा पहिला: आचका. पुन्हा रिव्हर्स: काही नाही. तीनदा केलं. गाडीवर जोर पडला की इंजिन थोडं फिरतं, पुढं जाताना एका बाजूला आणि मागं जाताना दुसऱ्या. म्हणजे एका बाजूला कलताना काहीतरी ताणलं जात होतं आणि दुसऱ्या बाजूला सैल पडत होतं. गॅरेजात सगळ्यांनी न्यूट्रलमध्ये रेस देऊन तपासलं. तिथं जोरच नाही तर इंजिन कलतंय कशाला. म्हणून ती गॅरेजात शिरली की गुणी बाळ व्हायची.

मामांनी इंजिन उभ्यानंच चालू ठेवायला सांगितलं आणि कॉइलकडं येणारी काळी पन्हाळीदार नळी बोटानं चाचपत मागं मागं नेली. तीन नंबरच्या कपलरपासून वीतभर मागं, जिथं वायरी इंजिनाच्या पाठीमागं वळतात, तिथं बोट थांबलं. बोटानं हलकेच ओढलं, इंजिन अडखळलं. सोडलं, सुरळीत. ओढलं, अडखळलं. त्यांनी माझं बोट तिथं ठेवून मलाही करायला लावलं. रबराची गरमी, खालची थरथर, आणि माझ्या एका बोटाच्या नखाएवढ्या ओढीनं ते सगळं धूड ठेच लागल्यासारखं करत होतं.

इंजिन बंद करून नळी चिरली. आत काळी टेप, उन्हाळ्यानं आणि इंजिनाच्या उष्णतेनं तिचा डिंक पाघळून चिकट झालेला. टेप उलगडली तर आत वायरीची दोन टोकं नुसती पिळून जोडलेली, सोल्डर नाही. तांब्याचे तंतू हिरवे पडलेले, बरेचसे तुटलेले. दोन-तीन तंतूंवर सगळा संसार. ठिणगी पाडायचा हुकूम कॉम्प्युटरकडून कॉइलपर्यंत आणणारी हीच ती वायर. नळीच्या कडेला बारीक दातांच्या खुणा.

‘उंदीर,’ मामा म्हणाले. ‘त्यानं कुरतडली, कुणीतरी खराब तुकडा कापला आणि उरलेली टोकं ओढून जोडली. वायर चार बोटं आखूड झाली. म्हणून ताण येतो.’

त्यांनी हिरवा भाग कापून टाकला, त्याच जाडीच्या वायरीचा तुकडा मधे घालून वायर लांब केली, दोन्ही सांधे सोल्डर केले, वर स्लीव्ह चढवून लायटरनं आवळली. वायरीला थोडा झोल ठेवला. मग पहिला गिअर, अर्धा क्लच, रेस. इंजिन कललं. काहीच झालं नाही. मी क्लच तसाच धरून बसले. मामांना दोनदा ‘बास’ म्हणावं लागलं.

३५० रुपये.

परत येताना मी मुद्दाम नवले पुलाला वळसा घातला आणि दरी पुलाचा चढ चढले, मग शिंदेवाडीतून फिरून पुन्हा एकदा चढायला गेले. घरी पोचेपर्यंत अंधार पडला. बाबांना फोन केला. ठिणगीची वायर तुटली होती, सांगितलं. ‘मग?’ ते म्हणाले. ‘मी काय म्हणलो हुतो?’ आणि फोन आईच्या फोटोसमोरच्या टेबलावर ठेवून दूध उतू जातंय का ते बघायला गेले. मी पलीकडून भांड्यांचे आवाज ऐकत बसले.

पहिल्या गॅरेजातल्या पोरालाही जाऊन सांगितलं. तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, ‘पण कोड तर तीनचाच होता ना मॅडम?’ बरोबर होतं त्याचं. कोडनं एकदाही चूक केली नव्हती. तीन नंबरच्या घरात अंधार आहे एवढंच तो दर वेळी सांगत होता. बल्ब गेलाय, असं आम्ही ऐकत होतो.

दिवाळीच्या आधी विम्याचे कागद काढताना ती फाईल पुन्हा हातात आली. सर्व्हिसिंगची छापील बिलं, पीयूसी, बॅटरीची वॉरंटी, आणि बॅटरीच्या कागदाला टाचलेली, मी जिच्याकडं कधी नजरच टाकली नव्हती अशी एक हातानं लिहिलेली चिठ्ठी. २०२१. ‘वायरिंग काम — २००/-’. जुन्या मालकांना फोन करावा असं एकदा मनात आलं. काय बोलणार? त्यांची गाडी कुणीतरी टेप गुंडाळून बरी करून दिली होती. बरी झाली म्हणजे दुरुस्त झाली असं त्यांनी मानलं, जसं मी तीन वेळा मानलं. शिवाय ते शहराबाहेर फारसे जातच नसत. सपाटीवर तिला खरंच काही त्रास नव्हता.

तीन नंबरची जुनी, ठणठणीत कॉइल आता डिकीत असते, जुन्या टॉवेलात गुंडाळून. प्लग लॅबमधल्या माझ्या टेबलावर आहेत, नव्या मुली विचारतात हे काय. उंदराचं मात्र बघायचं राहिलं होतं. मामांनी सांगितल्याप्रमाणं तंबाखूच्या दोन पुड्या सुतळीनं बांधून बॉनेटखाली लटकवल्या. त्या वासाला उंदीर येत नाहीत म्हणे. डिसेंबरमध्ये एका सकाळी पाणी बघायला बॉनेट उघडलं तर बॅटरीशेजारी शेंगदाण्याची टरफलं, कापसाचा बोळा, आणि मधोमध त्यातली एक पुडी, सुतळीसकट ओढून आणलेली, एका कोपऱ्यानं नीट कुरतडलेली.